कुजणारं तेल आणि विझलेली शेगडी

तक्रार काकूंची होती, तात्यांची नव्हे. "ताई, शेगडी पेटते आन् फुर्रकन विझते. दोन काडेपेट्या संपल्या माझ्या." तात्या शेजारी उभे राहून दुसरीकडे बघत होते. तेवढ्यावरून मला कळलं की गोबर गॅसमध्ये काहीतरी गेलंय, आणि ते तात्यांच्या हातून गेलंय.

नाशिकहून पिंपळगाव बसवंतकडे जाताना आतल्या रस्त्याला त्यांची अडीच एकर द्राक्षबाग आहे. तात्यांची मुलगी माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र शिकून गेली, त्या ओळखीवर मला फोन आला. निर्यातीच्या निवडीतून उरलेल्या मालाचा ते दरवर्षी बेदाणा करतात. घरामागे शेड आहे, जाळीचे रॅक आहेत आणि दोन गायी, दोन म्हशींच्या शेणावर चालणारा दोन घनमीटरचा, जमिनीत पुरलेल्या पक्क्या घुमटाचा गॅस आहे. दहा-बारा वर्षं तो विनातक्रार चालला होता. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो बंद पडला.

तात्यांना बोलतं करायला दोन चहा लागले. मग सगळं बाहेर आलं.

बेदाण्यासाठी द्राक्षं वाळवायच्या आधी डिपिंग करावं लागतं. मण्यावर मेणाचं आवरण असतं, ते पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेटची पावडर आणि १५ मिली डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात घड दोन-चार मिनिटं बुडवतात. मेणाची घडी विस्कटते, पाण्याला वाट मिळते आणि रॅकवर पंधराएक दिवसांत बेदाणा तयार होतो. न बुडवता वाळवायला गेलं तर बराच जास्त वेळ जातो, रंगही काळपट येतो. तात्यांची टाकी ३०० लिटरची. तेच पाणी थोडी पावडर, थोडं तेल वाढवत पुन्हा पुन्हा वापरतात, आणि गढूळ, चिकट झालं की टाकून देतात.

आधीची वर्षं ते पाणी बांधाच्या कडेला जायचं. तिथलं गवत जळायचं, वासही यायचा. यंदा शेजाऱ्याने कुरकूर केली. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तेल बायोडिग्रेडेबल आहे, डब्यावरच लिहिलंय." तात्यांनी त्याचा अर्थ काढला की हे कुजतं. आणि आपल्याकडे जे कुजतं ते कुठं टाकायचं हे सांगायला कोणी लागत नाही. एका बुधवारी संध्याकाळी ३०० लिटर पाणी पाइप लावून शेणकाल्याच्या कुंडीत सोडलं.

इथवर ऐकून मला वाटलं, दुसऱ्याच दिवशी गॅस बसला असेल. पण झालं उलटं. काकू म्हणाल्या, "दोन-तीन दिवस असा जाळ होता की विचारू नका. निळाजर्द. वासपण गेला." तात्यांना वाटलं, तेलानं ताकद आली. म्हणून पाच दिवसांनी दुसरी टाकीही आत गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी शेगडी मिणमिणली, आणि सातव्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा ज्योत धरत नव्हती.

तो निळा जाळ हा या प्रकरणातला सगळ्यात फसवा साक्षीदार होता. त्याच्यापासूनच सुरुवात करते.

निळ्या जाळाचा हिशेब

गोबर गॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि नाकाला कळण्यापुरता हायड्रोजन सल्फाइड. आता पोटॅशियम कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि बायकार्बोनेट बनतं. रासायनिक कारखान्यांत वायू धुवायला हेच मीठ वापरतात. एका टाकीत साडेसात किलो कार्बोनेट म्हणजे ५४ मोल (मोल हे रेणू मोजायचं माप). तेवढेच मोल कार्बन डायऑक्साइड ते गिळणार, म्हणजे सव्वा घनमीटरहून थोडा जास्त. तात्यांच्या घुमटात रोज सुमारे ०.८ घनमीटर कार्बन डायऑक्साइड तयार होत असणार. दीडेक दिवसाचा सगळा कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटने ओढून घेतला. गंधकाचा वासही त्याच अल्कलीत विरला. उरला तो जवळजवळ नुसता मिथेन. मिथेन वाढला नव्हता, फक्त त्याच्यातली भेसळ कमी झाली होती. त्या निळेपणाशी तेलाचा काडीचाही संबंध नव्हता.

हे सांगितल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजे पावडरनं फसवलं." काही अंशी खरं आहे ते. पावडरने आणखी एकदा फसवलं, ते पुढे येईल.

संशयित

मी गेले तेव्हा चार गोष्टी पाहिल्या. बाहेर पडणाऱ्या स्लरीवर, म्हणजे कुजलेल्या शेणकाल्यावर, पिवळट, बोटाला लागेल अशी साय होती. वास शेणाचा नव्हता, खवट तुपाचा होता, आणि त्याखाली आंबट. पीएच कागदाने साडेसातच्या थोडं वर दाखवलं, म्हणजे वरकरणी तब्येत उत्तम. चौथी गोष्ट गॅसची. मोठ्या सिरिंजमध्ये ४० मिली गॅस ओढून त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घेतलं आणि हलवलं. कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड गिळतं, उरतो तो मिथेन. इथे निम्म्याहून कमी उरला. अशा वायूला ज्योत कशी धरावी?

आंबट वास आणि पीएच साडेसात हे एकत्र बसत नाही. गॅस बसतो तेव्हा सहसा आम्ल साचतं आणि पीएच खाली येतो, शेतकरीही हे ओळखतात. इथे आम्ल साचलंच होतं, पण कार्बोनेटमधून आलेल्या बायकार्बोनेटने ते झाकून टाकलं होतं. पावडरने फसवलं ते हे दुसऱ्यांदा. नुसता कागद घेऊन आलेला माणूस "सगळं ठीक आहे, शेण वाढवा" म्हणून गेला असता, आणि शेण वाढवणं हा यावरचा सगळ्यात वाईट सल्ला होता.

संशयित तीन: अल्कली, पोटॅशियम आणि तेल.

पोटॅशियमचा हिशेब सोपा. दोन टाक्यांत १५ किलो कार्बोनेट, त्यात साडेआठ किलो पोटॅशियम. घुमटाच्या खालचा काला ४,००० लिटर धरला तर लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. मिथेन बनवणाऱ्या जंतूंना पोटॅशियम साधारण अडीच ग्रॅमच्या पुढे टोचायला लागतं, असं सांडपाण्याचे अमेरिकी अभ्यासक मॅककार्टी यांनी १९६४ मध्ये मांडलेलं कोष्टक सांगतं. शेणातलं पोटॅशियम त्यात मिळवलं तर आपण उंबरठ्यावर येतो, पण चार दिवसांत शेगडी विझावी इतकं ते नाही. अल्कलीचं म्हणाल तर पीएच आठच्याही खाली होता. उरलं तेल. पण नुसत्या वजाबाकीने एखाद्याला दोषी ठरवणं मला पटत नाही, म्हणून बाटल्या भरल्या.

पाच बाटल्या

शेजारच्या वस्तीवर एक गोबर गॅस धडधाकट चालू होता. तिथली स्लरी आणली. लिटरच्या पाच प्लॅस्टिक बाटल्यांत प्रत्येकी ८०० मिली ओतली, तोंडाला फुगा बांधला आणि घुमटाशेजारच्या सावलीत पोत्याखाली ठेवल्या. पहिलीत काही नाही. दुसरीत तीन ग्रॅम पावडर. तिसरीत दीड ग्रॅम डिपिंग ऑइल. चौथीत दोन्ही. मात्रा तात्यांच्या दोन टाक्यांच्या प्रमाणातच ठेवल्या. पाचवीत तेल आणि पावडर घालून वर चार ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड.

नोंदी तात्यांच्या धाकट्या मुलाने ठेवल्या, दहावीच्या वहीच्या मागच्या पानावर. पहिलीचा फुगा दुसऱ्या दिवशी उभा. पावडरवालीचा फुगा तीन दिवस लोळत पडला आणि मग उठला, नंतर पहिलीच्या बरोबरीने चालला. त्याचा कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला पावडरने खाल्ला होता, एवढंच. तेलवालीचा फुगा दुसऱ्या दिवशी पहिलीइतकाच होता, तिसऱ्या दिवशीही चालला, आणि मग जो थांबला तो थांबलाच. चौथीचा फुगा उभाच राहिला नाही. पाचवी मरगळलेली, पण जिवंत.

हे घरगुती काम आहे, प्रयोगशाळेतलं नाही. फुगे गळतात, ऊन फिरतं. तरी तिसऱ्या बाटलीचं वागणं मला पुरेसं बोलकं वाटलं. तेल पडल्या पडल्या विष असतं तर पहिल्याच दिवशी फुगा बसला असता. तो दोन-तीन दिवस नीट चालून मग बसला, म्हणजे तेलातून काहीतरी *तयार होत होतं*.

तेलाचं काय होतं

डिपिंग ऑइलचा मुख्य घटक इथाइल ओलेट. ओलेइक आम्ल हे शेंगदाणा, ऑलिव्ह अशा तेलांतलं फॅटी ॲसिड, आणि त्याला इथेनॉल जोडून कारखान्यात हे एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांचा जोड) बनवतात. ते पाण्यात पसरावं म्हणून त्यात इमल्सिफायर असतात, आणि थोडं मोकळं ओलेइक आम्ल कार्बोनेटशी मिळून पोटॅशियम साबण होतं. सर्फॅक्टंट म्हणजे पाण्याला धरणारं डोकं आणि तेलाला धरणारी शेपूट असलेला साबणासारखा पदार्थ, आणि काटेकोरपणे बोलायचं तर इथाइल ओलेट स्वतः दुबळं सर्फॅक्टंट आहे. त्याला पाण्याकडे वळायला धड डोकं नाही. पण जंतूंनी त्याला हात लावला की चित्र पालटतं.

फॅटी ॲसिडपासून केलेल्या सगळ्या सर्फॅक्टंटांची मेख जोडावर असते. शेपूट तीच, नारळाची वा पामची वा ओलेइक. डोकं वेगवेगळं: साखरेपासून आलेलं सॉर्बिटन असो, इथिलीन ऑक्साइडची साखळी असो, शाम्पूतलं बीटेन असो, वा कपडे मऊ करणाऱ्या द्रवातलं नायट्रोजनचं. डोकं एस्टरने जोडलेलं असेल तर जंतूंचं काम हलकं, कारण एस्टर कापणारी लायपेज आणि एस्टरेज ही एन्झाइमं त्यांच्या पिशवीत कायम तयार असतात. अमाइडचा जोड थोडा चिवट, पण त्यालाही कात्री आहे. कपडे मऊ करणारी जुनी रसायनं घ्या. त्यांत लांब शेपट्या थेट नायट्रोजनला जोडलेल्या होत्या, म्हणून ती गाळात रेंगाळत. १९९० च्या आसपास युरोपातल्या उत्पादकांनी मध्ये एस्टरचा जोड घातला, आणि तेवढ्यावर ती झपाट्याने तुटू लागली. जोड मुद्दाम कच्चा ठेवायचा, ही यातली हुशारी.

डोकं तुटलं की उरतं फॅटी ॲसिड, आणि ते खाण्याची रीत बहुतेक जीवांत एकच आहे. उसासारखी. जंतू टोकापासून कांडी कांडीने चावत जातो. दर चाव्याला दोन कार्बनचा तुकडा सुटतो आणि तो पेशीच्या भट्टीत जातो. फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगातून ही दोन-दोनची चाल ओळखली. ओलेइकच्या अठरा कार्बनांचे नऊ तुकडे होतात, आठ चाव्यांत. मधे नवव्या कार्बनवर एक वाकडा दुहेरी बंध आहे. तीन चावे झाले की तो दाताखाली येतो, आणि मग एक वेगळं एन्झाइम तो बंध एक घर सरकवून सरळ करतं. पुढचं चावणं पुन्हा सुरू. शेपटीला फांद्या असतील तर मात्र चावणंच अडतं. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले ते अशाच फांद्यांच्या शेपटीच्या डिटर्जंटमुळे. जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला, आणि उद्योग सरळ शेपटीकडे वळला.

इथपर्यंत दुकानदार बरोबर होता. इथाइल ओलेटची शेपूट सरळ, जोड एस्टरचा. हवा असेल तर स्यूडोमोनास, बॅसिलस, ॲसिनेटोबॅक्टर अशा कितीतरी जंतूंना ते आवडतं.

घुमटात मात्र हवा नाही. तिथेही एस्टर कापलं जातं, आणि जोरात, कारण लायपेजला ऑक्सिजन लागत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिसऱ्या बाटलीत तेच चाललं होतं. इथेनॉल सुटत होतं, त्याचा गॅसही होत होता. त्याबरोबर मोकळं ओलेट, म्हणजे ओलेइक आम्लाचंच मिठाचं रूप, साचत होतं. ओलेट म्हणजे अस्सल साबण, एकीकडे पाण्याला धरणारं डोकं आणि दुसरीकडे चरबीला धरणारी शेपूट. दुबळ्या सर्फॅक्टंटमधून जंतूंनीच जबरदस्त सर्फॅक्टंट बनवलं.

आता ते खायचं कोणी? हवेविना फॅटी ॲसिड तोडणाऱ्यांत सिंट्रोफोमोनास कुळातले जंतू येतात. त्यातला ओलेट तोडणारा सिंट्रोफोमोनास झेंडेरी तर २००७ मध्ये वर्णिला गेला. यांचं दुखणं असं की दर चाव्याला हायड्रोजन सुटतो, आणि तो साचला तर त्यांना पुढचा चावा घेणं ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही. हायड्रोजन सतत कोणीतरी उचलून न्यायला हवा. ते काम मिथेन बनवणारे करतात. एक रांधतो, दुसरा ताट उचलतो. दुसरा बसला की पहिल्याचीही चूल बंद. आणि ओलेट नेमकं मिथेनवाल्यांनाच चिकटतं. पूर्वी म्हणत की ते त्यांचं आवरण फोडतं. पुढच्या कामातून वेगळं चित्र दिसलं: बऱ्याचदा पेशी मरत नाहीत, चरबीच्या थराने लिंपल्या जातात आणि त्यांच्यापर्यंत अन्न पोचत नाही, गॅस बाहेर येत नाही.

किती ओलेटला हे होतं? अँजेलिडाकी आणि आहरिंग यांनी १९९२ मध्ये डेन्मार्कमध्ये शेण कुजवतानाच तपासलं: लिटरला ०.२ ग्रॅम ओलेटलाही अडथळा. त्यांचं तापमान बरंच जास्त होतं, आपल्या घुमटाला ते तसंच लावता येणार नाही. पण तात्यांचा आकडा बघा. दोन टाक्यांत नऊ लिटर तेल, वजनाने ७.८ किलो, त्यातून सात किलो ओलेइक. अर्धं तेल द्राक्षांबरोबर गेलं असं धरलं तरी ४,००० लिटरमध्ये लिटरला ०.९ ग्रॅम. चौपटीहून जास्त.

पाचव्या बाटलीचं गणितही इथे सुटतं. कॅल्शियम ओलेटला धरून न विरघळणारा साबण करतं, बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस न होता चोथा होतो तसा. चोथा झालेलं ओलेट जंतूंना लिंपत नाही. १९८१ मध्ये हानाकी आणि सहकाऱ्यांनी कॅल्शियमचा हा उतारा दाखवला होता. आपल्याकडची विहीर-बोअरची पाणी जड, म्हणजे घुमटात मुळात थोडं कॅल्शियम असतंच. पण तात्यांच्या पाण्यात कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेट कॅल्शियमला चुना-खडूच्या रूपात खाली बसवतं. चौथ्या बाटलीची अवस्था तिसरीपेक्षा वाईट का, याचं माझ्या मते हेच कारण: पावडरने तेलाचा पहारेकरीच पळवला. हे मी अनुमान म्हणून सांगते, सिद्ध केलेलं नाही.

डब्यावरचा शब्द

"बायोडिग्रेडेबल" हा शब्द खोटा नव्हता. तो ज्या चाचणीतून येतो तिची अट कोणी डब्यावर लिहीत नाही, एवढीच माझी तक्रार. चाचणी होते भरपूर हवेत, २८ दिवसांत, लिटरला काही मिलिग्रॅम ते फार तर शंभर मिलिग्रॅम पदार्थ घेऊन. युरोपचा २००४ चा डिटर्जंट नियम ६० टक्के खनिजीकरण (पार कार्बन डायऑक्साइड-पाण्यापर्यंत कुजणं) मागतो तेही हवेतलंच. डिपिंगच्या ताज्या पाण्यात लिटरला १३,००० मिलिग्रॅम तेल असतं, आणि घुमटात हवा शून्य. म्हणजे शब्द एका गावचा, वापरला दुसऱ्याच गावात.

थोरल्या मुलाचं म्हणणं होतं, हवेतच कुजतं ना, मग नाल्यात सोडू. त्याला मी वहीवर हिशेब करून दिला. एक ग्रॅम इथाइल ओलेट पूर्ण कुजायला जवळपास तीन ग्रॅम ऑक्सिजन. एका ताज्या टाकीतल्या ३.९ किलो तेलाला साडेअकरा किलो. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो लिटरला आठेक मिलिग्रॅम. तेव्हा साडेअकरा किलो म्हणजे १४ लाख लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन. अर्धं तेल गेलं असं धरा, सात लाख. वर मण्यांची साखर वेगळीच. "शेततळं रिकामं होईल," तो म्हणाला. पाणी तसंच राहील, मासे राहणार नाहीत.

उपाय

घुमटाच्या बाबतीत पहिला उपाय होता काही न करणं, आणि तो पाळायला सगळ्यात अवघड. तेल बंद. शेण रोज ५० किलोऐवजी १५. उतरणीच्या कुंडीतली साय रोज काढून टाकायची. शेजारच्या गॅसची ताजी स्लरी वीस बादल्या आत सोडली, मिथेनवाल्यांची नवी फौज म्हणून. बांबूने आत जेवढं ढवळता येईल तेवढं ढवळायचं, म्हणजे तरंगणारी चरबी एकाच जागी गोळा होणार नाही. कॅल्शियम क्लोराइड मी सुचवलं नाही. बाटलीत चार ग्रॅम चालतं. त्याच प्रमाणात ४,००० लिटरला वीस किलो लागलं असतं, आणि शेवटी ते मीठ स्लरीबरोबर बागेतच उतरलं असतं. द्राक्षाला क्लोराइड मानवत नाही. काकू महिनाभर सिलिंडरवर आल्या, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

धीर धरायला मला एक आधार होता. पोर्तुगालच्या मिन्हो विद्यापीठातल्या गटाने ओलेटने लिंपलेला गाळ घेऊन त्याला नवीन तेल देणं थांबवलं, तेव्हा अडकलेली चरबी हळूहळू मिथेन होत गेली. विषबाधा कायमची नव्हती. पाचव्या आठवड्यात काकूंचा फोन आला: ज्योत धरली. त्यापुढचे आठ-दहा दिवस गॅस नेहमीपेक्षा जास्त होता. ते तात्यांचंच तेल. घुमटात अडकून बसलेलं, आता पचत होतं.

यावर तात्यांचे डोळे चमकले. "मंग थोडं थोडं दिलं तर?" प्रश्न रास्त होता. तेलातून शेणापेक्षा कैकपट गॅस निघतो, किलोला एक घनमीटर मिथेन. मी आकडा मांडला. सुरक्षित म्हणून दिवसाआड पाच लिटर डिपिंगचं पाणी दिलं, तर त्यात ६५ ग्रॅम तेल, त्यातून सगळं पचलं तर ०.११ घनमीटर गॅस. एका माणसाच्या दिवसभराच्या स्वयंपाकाला ०.२४ घनमीटर धरतात. म्हणजे दोन दिवसांतून एकदा, अर्ध्या माणसाचं जेवण. "जाऊ द्या मग," काकू आतून म्हणाल्या.

राहिलेल्या दोन टाक्यांसाठी वाट निघाली ती छाटणीच्या काड्यांतून. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर होती, काड्यांचा ढीग पडणारच होता. काड्या तुकडे करून, शेणाचा थर, वर झारीने डिपिंगचं पाणी, असे थर लावले. दीड-दोन टन ढिगात एका टाकीचं तेल वजनाने पाव टक्क्याच्या आसपास राहतं, आणि हवा खेळती. जंतूंना तेलातून कार्बन मिळतो, नायट्रोजन मिळत नाही. सांडपाण्याचा नेहमीचा १०० ला ५ चा हिशेब (ऑक्सिजनची मागणी १००, तर नायट्रोजन ५) धरला तर टाकीमागे सव्वा किलो युरिया. पण तो लगेच नाही. ढीग अल्कली असताना युरिया टाकला तर अमोनिया होऊन उडून जातो. चार दिवसांनी, पीएच उतरल्यावर टाकायचा.

तात्यांना पटलं ते युरियामुळे नाही, पोटॅशमुळे. साडेसात किलो कार्बोनेटमध्ये पाच किलो पोटॅश आहे, ६० टक्क्यांच्या खताच्या हिशेबाने साडेआठ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. "एवढी वर्षं बांधावर ओतलं मी," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले.

ढीग दुसऱ्या दिवशी हाताला चटका लागेल इतका तापला. खवट वास आठवडाभर राहिला, मग गेला. मे महिन्यात मी गेले तेव्हा तिसरी पलटी चालली होती, काड्या अजून कडक होत्या. धाकट्याने पाचही बाटल्या अजून फेकल्या नव्हत्या. तिसरीचा फुगा पुन्हा उभा राहिला होता, तारखेसकट वहीत लिहिलेला.